बखर धनेशिणीच्या माहेराची

श्रीवनदेवता समर्थ. साहेबांचे सेवेसी आज्ञांकित सेवकाची दोन्ही कर जोडून विज्ञापना ऐसीजे. राज्याचे निशाण उन्हाने विटले, ते नवे करावयाचे, आणि त्यावर जो थोर चोचीचा पक्षी आहे त्याची चोच रंगाऱ्याने कोणत्या रंगाची काढावी, आणि हा पक्षी खरोखर कोणे काळी होता की चिताऱ्याने आपले मनचा काढिला, ऐसे साहेबी पुसिले. त्यास, पक्षी होता. त्याचे नाव धनेश. तो कैसा होता आणि कैसा गेला हे सेवकाने वडिलांचे मुखे ऐकिले, आणि वडिलांनी आपले वडिलांचे मुखे ऐकिले, आणि सेवकाने त्यात पदरचे मीठमिरची घातले नाही. शके अडुसष्ट, क्षयनाम संवत्सरी ही गोष्ट शेवटास गेली. शतकाचा आकडा मूळ कागदास वाळवी लागल्याकारणे लागत नाही. तरी वाळवीस दोष देऊ नये, तिने फक्त आकडा खाल्ला.

त्या राज्यात ऐसी चाल होती की लेक सासरी दिली म्हणजे माहेरची काही जमीन तिचे नावे तोडून द्यावी, तीस चोळीबांगडी म्हणत, आणि लेकीने पहिले बाळंतपणास माहेरी यावे, आणि ज्या घरी बाळंतीण असेल त्या घराचे उंबऱ्यावर राजाचे शिपायानेदेखील पाय देऊ नये. आणि थोरले महाराज शिकारीस उंबरखोऱ्यात गेले असता त्यांनी धनेशाची रीत पाहिली. ती रीत ऐसी, की माघमासी मादी जुनाट झाडाचे ढोलीत शिरते, आणि ढोलीचे तोंड आतून लिंपून घेते, आणि चोच बाहेर निघेल इतकीच फट राखते, आणि अंगावरची पिसे झाडून टाकून अंड्यांवर बसते, आणि मग नर रानभर हिंडून उंबर, पायर, नांद्रुक यांची फळे आणून त्या फटीतून तीस चारतो, आणि पिले हाती येईतो ती बाहेर पडत नाही. हे पाहून थोरले महाराजांनी बंदूक खाली ठेविली, आणि डोळ्यांस पाणी आणून बोलिले, "ही तर आमची लेक. बाळंतपणास आमचे घरी आली, आणि हिची चोळीबांगडी कोठे?" मग सारे उंबरखोरे धनेशिणीस चोळीबांगडी करून दिले, आणि चहू दिशांस चार दगड रोविले, आणि तोच पक्षी राज्याचे निशाणावर काढविला. ऐसे राजे होते. बंदूक उचलणारे पुष्कळ जाहले, खाली ठेवणारा तो एक.

त्या दगडांवर शपथ घालावयाचे काम गिरमाजी त्रिमल यांजकडे आले. गिरमाजीपंत शपथनवीस, तेव्हां ऐन तरुण, बुद्धी तलवारीसारखी आणि तिचा गर्व त्याहून धारेचा. त्यांनी रिवाजाप्रमाणे वरती चंद्रसूर्य कोरविले, आणि खाली गाढव कोरविले, आणि मजकूर घातला की "जो कोणी हा दगड जागचा हलवील, वर अथवा खाली, लोभाने अथवा दयेने, त्याचे वंशास हे गाढव", आणि पुढील मजकूर लेकीसुनांत वाचण्याजोगा नाही. थोरले महाराज म्हणाले, "पंत, लोभाने हे समजले. दयेने कशास?" पंत हसून बोलिले, "महाराज, लोभाचे तोंड पोरासही ओळखते. चोर येईल तो दयेचे पागोटे घालून येईल. ती वाटही बुजविली." दरबारी वाहवा जाहली, आणि पंतांस शालजोडी मिळाली. वडील सांगत की ती शालजोडी पंतांनी पुढे कधी अंगावर घेतली नाही, परंतु ते पुढे.

मग थोरले महाराज कैलासवासी जाहले, आणि धाकटे महाराज गादीवर बसले, आणि त्यांचे अमदानीत ऊन वाढले. कारण विचाराल तर छप्पन्न मुलुखांत लोखंडाच्या आणि चुन्याच्या भट्ट्या पेटल्या, त्या रात्रंदिवस विझेनात, आणि जाणते लोक म्हणू लागले की हा धूर आभाळावर घोंगडीसारखा पडला आहे, त्याखाली पृथ्वी उबते आहे. मग छप्पन्न मुलुखांचे वकील एके ठायी जमले, आणि धूर वाईट यावर सर्वांचे एकमत जाहले, आणि आधी भट्टी कोणी विझवावी म्हणता प्रत्येकाने शेजाऱ्याकडे बोट दाखविले, आणि मग मोठी मेजवानी जाहली, तिच्या चुलींचा धूर तीन कोसांवरून दिसत होता. वकील पान खाऊन घरोघर गेले. आणि इकडे ऋतू बावरले. आंब्यास मोहोर भलत्याच महिन्यात येऊ लागला, आणि खोऱ्यातील झरे माघातच आटू लागले, आणि उंबराची फळे धनेशाची पिले ढोलीत असतानाच गळून पडू लागली, आणि नर फिरून फिरून रिकाम्या चोचीने येऊ लागला. मुकी जनावरे वकील धाडीत नाहीत. ती उठतात आणि चालू लागतात.

त्या खोऱ्याचे राखणीवर मालजी डांगे म्हणून हवालदार होता. इमानी, आडदांड, आणि दगड म्हणजे त्याचे दैवत. त्याने दसऱ्याचे दरबारी येऊन मुजरा केला आणि वर्दी दिली, "म्हाराज, राखन चोख हाय. चारी दगड जागच्या जागी, आमावस्येच्या आमावस्येला त्याल-शेंदूर हाय. खोऱ्यात कुऱ्हाड न्हाई, वनवा न्हाई. फकस्त पाखरू न्हाई." महाराज चपापले आणि पुसते जाहले, "नाही म्हणजे काय? कोठे गेले?" मालजी म्हणाला, "वर सरकलं, म्हाराज. खाली त्याला ऊन सोसंना, फळ मिळंना. मागल्या सालापातुर मधल्या टप्प्यावर हुतं. औंदा पार डोंगराच्या माथ्यावर गेलंय, आन् त्ये बी थोडकंच." तेव्हां महाराज बोलिले, "मग दगडही उचलून माथ्यावर रोवावे. लेक जेथे, तिची चोळीबांगडी तेथे." वाक्य सोन्याचे होते. परंतु बोलून महाराजांनी पंतांकडे पाहिले, आणि तेथेच घात जाहला.

पंत आता वृद्ध जाहले होते, तरी आपले शब्दाचा अभिमान वृद्ध जाहला नव्हता. ते उठून बोलिले, "महाराज, हद्दीचा दगड म्हणजे खुंटीवरचे पागोटे नव्हे, की आज या खुंटीस आणि उद्या त्या खुंटीस. आज दयेने वर नेला, तर उद्या कोणी लोभाने खाली आणील, आणि आम्ही त्यास काय म्हणून अडवावे? शपथेत दोन्ही वाटा बंद आहेत. आणि दिलेली जमीन लेकीनेच सोडून परक्या रानात बिऱ्हाड केले, तर तो दोष दगडाचा नव्हे." दिवाणजींस माथ्यावरील लाकूड भट्ट्यांकरिता हवे होते, आणि आजवर ज्यांस पंतांचे एकही बोलणे पटले नव्हते ते त्या दिवशी प्रथमच मान डोलवू लागले. आणि सेवकास खेद याचा होतो की पंतांचे बोलणे खोटे नव्हते. सीमेचे दगड एकदा चालू लागले म्हणजे ते डोंगर चढत नाहीत, उतरतात, हे सर्वांस ठाऊक आहे. खरे बोलून पंतांनी वाईट केले. मग महाराजांचे मन निवाले, आणि काहीतरी करावे म्हणून त्यांनी खोऱ्याची राखण दुप्पट केली. त्या दिवसापासून रिकाम्या खोऱ्यावर मालजीचे शिपाई भाले घेऊन दोन्ही बाजूंनी फिरू लागले.

पुढे क्षयनाम संवत्सर लागावयास तीन-चार महिने उरले असता महाराजांची एकुलती एक लेक गोजराबाई पहिले बाळंतपणास माहेरी आली. बाईसाहेब अंगाने नाजूक, आणि त्या साली पौषातच वैशाख पेटला. वाळ्याचे पडदे भिजवावे तो वाळत, आणि विहिरीचे पाणी वाफाळलेले येई, आणि बाईसाहेबांस घेरी येऊ लागली. राजवैद्य स्पष्ट बोलिले, "चैत्रात दिवस भरतात. या उन्हात येथे बाळंतपण म्हणजे दोन्ही जिवांची आशा सोडावी. डोंगराचे माथ्यावर गारवा आहे, तेथे न्यावे." बापाचे काळीज, त्यात दोष काय? महाराजांनी तत्काळ माथ्यावर गारमहाल बांधण्याची आज्ञा केली, आणि ज्योतिषांनी बाळंतिणीचे खोलीची जागा पाहून दिली. ती जागा माथ्यावरील एका जुनाट बेहड्याचे झाडाखाली निघाली. गाडीभर सुतार-गवंडी वर गेले. आणि मालजी वर्दी घेऊन आला, ती त्याने दरबारी न देता पंतांचे घरी दिली, की "पंत, त्या बेहड्याच्या ढोलीत ती बसलीया. माघात लिंपून घेतलंय तिनं. दुसरं जोडपं कुठं दिसलं न्हाई. ह्ये एकच ऱ्हायलंय."

पंत डोलीत बसून माथ्यावर गेले. जन्मभर त्यांनी धनेशिणीचे नावे शपथा लिहिल्या, परंतु धनेशीण डोळ्यांनी पाहिली नव्हती. ते बेहड्यासमोर दगडावर बसले. इतक्यात लोहाराचे भात्यासारखा पंखांचा आवाज जाहला, आणि नर आला, आणि खोडास बिलगून गळ्यातून एक उंबर काढून फटीशी धरिले, आणि आतून चोचीचे टोक पुढे आले आणि उंबर घेऊन गेले. मग दुसरे, मग तिसरे. डोलीचे भोयी म्हणतात की पंत लहान मुलासारखे रडले, आणि म्हणाले, "हिला जमीन दिली, आणि हिला राखिले नाही. मी दगडाची शपथ लिहिली, हिची लिहावयाची राहिली." मग तसेच उतरून महाराजांपुढे गेले.

महाराज संतापले. म्हणाले, "पंत, आमची लेक आणि पाखरू, यांत आम्ही निवड करावी काय?" पंत म्हणाले, "निवड नको, महाराज. महाल शंभर हात बाजूस घ्यावा, आणि पिले उडून जाईतो त्या झाडास हात लावू नये. दोन्ही लेकी माहेरी सुखरूप होतील." महाराज म्हणाले, "जागा ज्योतिषांनी दिली, ती बदलून लेकीचे काही वाईट झाले तर?" आणि दिवाणजी हळूच म्हणाले, "आणि झाड हद्दीबाहेरचे. हद्द हलत नाही, हे पंतांचेच शास्त्र." मग महाराज पंतांकडे न पाहता बोलिले, "हद्दीतले झाड आम्ही तोडणार नाही, आमचे वडिलांची आण. दगड माथ्यावर आला, तर झाड राहील आणि आम्ही महाल सरकवू. परंतु आमचे वंशास गाढव आणणे आम्हांस नको. शपथ तुमची, दगड तुमचे." म्हणजे काय ते पंत समजले.

घरी येऊन त्यांनी दोन्ही मुलांस जवळ बोलाविले आणि दगड आपण हलविणार ऐसे सांगितले. मुले पायांवर पडली, "बाबा, शाप आम्हांस लागेल, आमचे मुलांस लागेल." पंत म्हणाले, "लागेल. मीच लिहिला आहे, किती जड ते मला ठाऊक. तरी जातो." आणि पहार घेतली, आणि बैलगाडी घेतली, आणि भर दोन प्रहरी, सर्वांदेखत, खोऱ्याचे वरले अंगाचा दगड उकरावयास लागले. म्हातारे शरीर, घामाने निथळले, हातास फोड आले, परंतु दगड हलला. गाढवाचे चित्र मातीबाहेर आले, आणि दगड गाडीस टेकला, तोच मालजी आपले शिपाई घेऊन धावत आला आणि पंतांचा हात धरिला. पंत म्हणाले, "मालजी, सोड. वर ती बसली आहे. कुऱ्हाडी निघाल्या आहेत." मालजी म्हणाला, "ठाव हाय मला. म्यांच सांगितलं न्हवं तुमाला?" "मग सोड." मालजीचे डोळे भरून आले, परंतु हात सुटला नाही. तो म्हणाला, "पंत, ह्या दगडापुढं माझ्या बाच्या हातावर बेलभंडार ठिवून तुमीच शपथ घातलीसा, आन् बा मेल्यावर माझ्या हातावर. म्यां इचारलं हुतं, चांगल्या कामाला कुनी हलीवला तर? तुमी म्हनला, दयेनं बी न्हाई. लोभी आसता तर डोकं फोडून मोकळा झालो आसतो. तुमी दयावान हायसा, म्हनून बांधून न्यावं लागतंय."

आणि बांधून नेले. हद्दीचा दगड उकरला म्हणजे चौकशी व्हावयाची, पंच जमावयाचे, दगड पूर्वस्थळी रोवून त्यास अभिषेक व्हावयाचा, हा रिवाज. तो सर्व यथासांग जाहला. कोणी कसूर केली नाही. आणि पंच जेवावयास बसले होते तेव्हां माथ्यावर बेहडा पडला. झाड पोकळ, तुळईचे कामाचे नव्हे, जळणात गेले. ढोली फुटली, तीत पिसे झडलेली मादी आणि दोन पिले मरून पडली होती. लाकूडतोड्यांनी कुऱ्हाडी टाकिल्या आणि पुढे हात लावीनात, मग कामावरचे कारभाऱ्याने आपले हाते खड्डा करून पुरिली, आणि बाईसाहेबांचे कानी जाऊ नये अशी ताकीद दिली.

गारमहाल उभा राहिला, आणि गोजराबाई वर गेल्या, आणि गारव्याने त्यांचे मुखावर रंग आला. बाळंतिणीचे खोलीस रिवाजाप्रमाणे अंधार, वारा लागू नये म्हणून भिंतीस एकच लहान झरोका. तेथे एके सकाळी भात्यासारखा आवाज जाहला, आणि थोर चोचीचा पक्षी झरोक्यास येऊन बसला, आणि एक उंबर आत टाकिले. मग दुसरे. बाईसाहेब हरखल्या. दुसरे दिवशी पुन्हा आला, तिसरे दिवशी पुन्हा. ही बातमी खाली गेली, तेव्हां दरबारी आनंद मावेना. निशाणावरचा पक्षी स्वतः येऊन लेकीस डोहाळे पुरवितो, याहून शुभ शकुन तो कोणता? हत्तीवरून साखर वाटली, चौघडा झडला, आणि दिवाणजींनी सांगितले की पक्षी गेले गेले म्हणून जी हाकाटी होती ती खोटी. साखर मालजीचे हातावरही पडली. त्याने ती मुंग्यांस घातली.

पंतांस महाराजांनी म्हातारपण पाहून सोडिले होते. ते आशीर्वाद द्यावयास वर आले, तेव्हां गोजराबाईंनी पडद्याआडून पुसिले, "पंतकाका, तुम्ही मला लहानपणी सगळे खरे सांगत होता. हा पक्षी मला रोज का चारतो?" पंतांनी पागोटे काढून मांडीवर ठेविले. मग म्हणाले, "आक्कासाहेब, तो तुम्हांस चारीत नाही." आणि मग सर्व सांगितले, आपले शपथेसुद्धा, काही राखिले नाही. मग बाईसाहेब म्हणाल्या, "म्हणजे मी तिच्या जागी निजले आहे." सुइणीने पंतांस रागे भरून बाहेर काढिले. त्या दिवसापासून बाईसाहेबांनी ती फळे कोणास झाडू दिली नाहीत. एकेक उचलून उशाशी ठेवीत, आणि नर आला म्हणजे झरोक्याशी हात नेत, की त्याचे कष्टास कोणीतरी घेणारे असावे.

चैत्र वद्यात बाईसाहेब सुखरूप बाळंत जाहल्या. मुलगी जाहली. नर वैशाखातही काही दिवस आला, पिसे विस्कटलेली, चोचीत कधी फळ, कधी नुसतेच. मग आला नाही. कोठे गेला हे कोणी पाहिले नाही. खाली ऊन होते, आणि त्याहून वर डोंगर नव्हता.

सासरी निघताना महाराणीसाहेब नारळ, तांदूळ, जरीची चोळी घेऊन लेकीची ओटी भरावयास आल्या. गोजराबाईंनी पदर पुढे केला नाही. पदरात ती वाळलेली उंबरे बांधिली होती. म्हणाल्या, "माझी ओटी भरली आहे. तिची होती, ती मला मिळाली." महाराज कासावीस होऊन म्हणाले, "बाळे, पुन्हा कधी येशील?" तेव्हां लेक बापाचे पायांवर डोके ठेवून बोलिली, "आबासाहेब, तुम्ही माझा जीव वाचविलात, हे विसरणार नाही. पण जेथे एका बाळंतिणीचे घर पाडून दुसरीस घर बांधिले, त्या माहेरी ही मुलगी घेऊन मी पुन्हा येणार नाही. येथे बाळंतिणीस अभय असते, असे मी तिला कोणत्या तोंडाने सांगू?" आणि पालखी उचलली. त्या पुन्हा आल्या नाहीत. पुढे सांगतात की पंत ती शालजोडी पेटीत टाकून रोज त्या दगडापाशी जाऊन बसत, आणि "दयेने" ही अक्षरे अंगठ्याने घाशीत. दगड चांगला निवडला होता. अंगठा झिजला, अक्षर झिजले नाही, आणि मालजी बाजूस उभा राहून पाहत असे, दगड हलत नाही तोवर त्यास बोलावयाचे कारण नव्हते.

तात्पर्य, उंबरखोरे आजही साहेबांचे हद्दीत आहे. चारी दगड जागचे जागी आहेत, अमावस्येस तेल-शेंदूर पावतो, मालजीचे वंशज राखण चोख करितात. जागा राखली, त्यात उणे नाही. आता साहेबी चोचीचा रंग पुसिला. त्याविषयी सेवकाने गावोगाव फिरून वृद्धांस विचारिले. कोणी पिवळा म्हणतो, कोणी काळा, कोणी दोन्ही, आणि खोदून विचारिता प्रत्येक जण म्हणतो की आपण निशाणावरच पाहिला. जुन्या निशाणावरील रंग उन्हाने गेला. डोळ्यांनी पाहिलेले कोणी उरले नाही. सबब मर्जीस येईल तो रंग द्यावा, चुकला म्हणणारा कोणी नाही. हे विज्ञापना.